शेंदरीच्या कानातले तेरा खडे

१

पेटी उघडली आणि खडेवालीच्या तोंडचं पाणीच पळालं.

पेटी दागिन्यांची नव्हती. लाकडाची, लांबट, आत खाचा पाडलेली, आणि प्रत्येक खाचेत एकेक पारदर्शक पाकीट. पाकिटात माशाच्या कानातला खडा. हो, माशाला कान असतो आणि कानात खडा असतो. बाहेरून दिसत नाही म्हणून लोकांना पटत नाही, ते सोडा. अशी तीनशे बारा पाकिटं होती. सकाळी आठला मोजली तर भरली दोनशे नव्याण्णव. परत मोजली, कपाटाखाली वाकून बघितलं, स्वतःची पर्स उलटी केली. दोनशे नव्याण्णव.

मग ती चपला हातात घेऊन धक्क्याकडे पळाली. तिथं तिची मावशी मासे कापत बसलेली होती.

मावशी म्हणजे हिची सख्खी मावशी, पण धक्क्यावर सगळ्यांचीच. शाळा तिसरीत सुटली, सुरी चौथीच्या वयात हातात आली, ती अजून आहे. डोक्यात एक घाव घालून माशाच्या कानातले दोन्ही खडे अख्खे काढणारं माणूस त्या किनाऱ्यावर एकच, ते म्हणजे ही. तीनशे बारा शेंदऱ्यांची डोकी तिनंच फोडली होती. शेंदरी म्हणजे तो प्रवाळाच्या खडकातला लाल मासा, हातभर लांब, तोंडावर कायम रुसल्यासारखा भाव.

"मावशी, खडे चोरीला गेले."

"सगळे?"

"तेरा."

मावशीनं सुरी पुसली. "बाकीचे का नाही नेले?"

खडेवालीला रडायचं होतं, पण हा प्रश्न मध्येच आला आणि रडणं राहिलं. "तेच तर," ती म्हणाली, "जे नेलेत ना, ते नेमके सगळ्यात म्हातारे आहेत. आणि ते म्हातारे आहेत हे जगात फक्त मला माहीत होतं."

२

आता ही काय भानगड, ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

माशाच्या कानातल्या खड्यावर दर वर्षाला एक कडं चढतं, झाडाच्या बुंध्यासारखं. खडा कापायचा, घासून कागदासारखा पातळ करायचा, काचेवर चिकटवायचा आणि मायक्रोस्कोपखाली कडी मोजायची. जितकी कडी तितकी वर्षं. डावा खडा कापतात, उजवा अख्खा ठेवतात. ती काच आणि अख्खा खडा, दोन्ही एकाच पाकिटात.

मोजतात दोघं. एकमेकांना न विचारता. प्रत्येकानं आपापला कागद लिफाफ्यात घालून लाखेनं बंद करायचा, आणि बाहेरून तपासनीस आली की तिच्यासमोर दोन्ही फोडायचे. जिथं दोघांचं जुळत नाही ती काच तपासनीस स्वतः बघते, मोजणाऱ्यांना शेजारी बसवून. तपासनीस आज चारला येणार होती.

एक मोजणी खडेवालीची. दुसरी मास्तरांची. मास्तरांनीच तिला कडी मोजायला शिकवलं होतं, आणि दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते.

"तू कुणाला सांगितलंस, कुठला मासा किती वर्षांचा?" मावशीनं विचारलं. दोघी आता प्रयोगशाळेच्या पायरीवर बसल्या होत्या.

"कुणालाच नाही. कच्ची वही घरी पिठाच्या डब्यात आहे."

"पिठाच्या डब्यात?"

"तिथं कोण बघतं, मी तर स्वयंपाकच करत नाही."

"ते मला ठाऊक आहे. पुढं बोल."

"बारा मासे तिशीच्या वरचे निघाले. सगळे मागच्या खडकाचे, जिथं कित्येक वर्षं जाळं पडलेलं नाही. सगळ्यात म्हातारा अडतीस वर्षांचा. कळतंय ना मावशी, याचा अर्थ काय? तिथली शेंदरी आपोआप फार कमी मरते. वर्षाला शंभरातल्या दहा-अकरा. म्हणून म्हातारी होते. पण म्हणूनच नवीन पिल्लंही हळूहळू भरतात. तिथं जाळी टाकायला दिली तर अडतीस वर्षांचं साठलेलं दोन हंगामात संपेल."

"आणि हे बारा नसले तर?"

"तर सगळ्यात म्हातारी सोळा-सतराची उरते. मग हिशेब सांगतो की शंभरातल्या पंचवीस दरवर्षी आपल्या आपणच मरतात. मग लोक म्हणणार, मरणारच आहेत तर आपण का नाही पकडायच्या? तपासनीसही तसाच अहवाल देणार आणि मागचा खडक उघडा होणार. तीन वर्षं घातली मी यात."

मावशीनं बोटं मोजली. "बारा म्हणालीस. गेले तेरा."

"तेच कळत नाही. तेरावं पाकीट दोनशे सात नंबर. ती शेंदरी नऊ वर्षांची. साधी. तिला कुणी का न्यावं?"

मावशीनं मोजलेली बोटं परत उघडली. मग म्हणाली, "पोरी, बारा सोड. चोर त्या तेराव्यात सापडणार."

३

खोलीच्या किल्ल्या तीन. एक खडेवालीकडे, एक मास्तरांकडे, एक काचवाल्याकडे. काचवाला म्हणजे खडे कापून घासून काचेवर चिकटवणारा कारागीर. शिवाय काल संध्याकाळी कप्तान येऊन खडेवालीची वाट बघत अर्धा तास त्या खोलीत एकटाच बसला होता, चहा पिऊन गेला होता. म्हणजे खडेवाली सोडून तिघं.

मावशीनं सुरुवात कप्तानापासून केली, कारण तो घरचाच. तिचा धाकटा दीर. बोटवाल्यांचा पुढारी, आवाज भोंग्यासारखा, आणि मागचा खडक उघडा व्हावा म्हणून सगळ्यात जास्त ओरडणारा.

तो बोटीवर जाळं विणत बसला होता.

"वहिनी, या. आज सुरी सोडून कुठं?"

"काल खोलीत बसून काय केलंस?"

"चहा प्यालो. पाणचट होता. का?"

"तेरा खडे गेलेत."

कप्तानाचा हात थांबला. मग त्यानं सुईत नवा दोरा ओवला, एका झटक्यात, बोलता बोलता. "मी कशाला घेऊ? मला तर ते लिफाफे फुटायलाच हवेत. अहो वहिनी, मागच्या खडकातल्या सगळ्या शेंदऱ्या एका मापाच्या. सगळ्या हातभर. एका मापाच्या म्हणजे एका वयाच्या. आठ-दहा वर्षं, बास. त्या लिफाफ्यांतून माझंच खरं निघणार आहे."

"तू विसाव्या वर्षी वाढायचा थांबलास," मावशी म्हणाली, "म्हणून काय अजून विशीत आहेस?"

शेजारच्या बोटीवरचे दोघं हसले. कप्तानानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "माझी गोष्ट वेगळी."

"शेंदरी पाच-सहा वर्षांत पुरी वाढते, मग थांबते. तुझ्यासारखीच. वाढतो तो कानातला खडा. लांबीला नाही, जाडीला. दरवर्षी थर चढतो, जड होतो. तीनशे बारा डोकी फोडलीत मी, माझ्या तळहाताला ते वजन ठाऊक आहे."

"हे मला कुणी सांगितलं नाही," कप्तान म्हणाला, आणि खरंच जरा पडेल दिसला. मग मान वर करून समुद्राकडे बघत म्हणाला, "तो बघा, आपल्या बाळूची बोट आली. निळा झेंडा उलटा बांधलाय गाढवानं."

मावशीनं डोळ्यावर हात धरून बघितलं. तिला बोट दिसली, ठिपक्याएवढी. झेंडा काही दिसला नाही.

ती उठली. कप्तान मागून म्हणाला, "वहिनी, चोर सापडला तर मला सांगा. माझ्यावर आळ आला तर मी त्याला सोडणार नाही."

"तुझ्यावर आळ येणार नाही," मावशी म्हणाली. "तू घेतले असतेस तर पेटीसकट घेतले असतेस. तुला निवडून काही करता येत नाही, जाळ्यातलं सगळंच ओढतोस."

४

काचवाला त्याच्या टेबलाशी वाकून खडा घासत होता. बारीक पोरगेला माणूस, नाकावर कायम पांढरी भुकटी. त्याचं आणि खडेवालीचं महिन्याभरापूर्वी जुंपलं होतं. साठ काचा जाड झाल्या म्हणून तिनं परत घासायला लावल्या. तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, एकदाचे बुडवा हे खडे समुद्रात, आणि दुसरीकडे नोकरीचा अर्ज टाकून मोकळा झाला होता.

"मावशी, मला माहितीय तुम्ही का आलात," तो मान वर न करता म्हणाला. "मी बोललो होतो ते खरं आहे. पण समुद्रात बुडवायचेच असते तर साठ काचा परत कशाला घासल्या असत्या? बोटांची सालटं निघाली."

"बघू."

त्यानं बोटं दाखवली. सालटं खरी होती.

"मला एक सांग," मावशी म्हणाली. "दोनशे सात नंबर आठवतो?"

काचवाला लाजला. लाजला म्हणजे कानापर्यंत लाल झाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं? बाईंना सांगू नका हं. गेल्या आठवड्यात, दोघांचं मोजून झाल्यावर, सुटलेला एक काप परत चिकटवताना माझ्या हातून चिकट्याची बाटली कलंडली." चिकटा म्हणजे खडा काचेवर बसवायचा तो रस, सुकला की दगड होतो. "सगळा रस नेमका दोनशे सातच्या अख्ख्या खड्यावर. मी तोडायला गेलो तर खडाच फुटायला लागला. मग तसाच पाकिटात टाकला. चांगला बोराएवढा पिवळाजर्द गोळा झालाय. लांबूनसुद्धा दिसतो, पाकीट आरपारच आहे ना."

मावशी स्टुलावर बसली. "वजनाला?"

"अं?"

"पाकीट हातात घेतलं तर जड लागेल?"

"लागेल की. चांगलं जड लागेल."

मावशीनं डोळे मिटले. तळहात पुढं करून वर खाली हलवला, जसं ती बाजारात पापलेट तोलते. एक पाकीट. दुसरं पाकीट. हे हलकं, ठेव. हे जड, घे. हे जड, घे.

चोरानं पाकिटं बघून निवडली नव्हती. तोलून निवडली होती. जड खडा म्हणजे म्हातारा मासा, हे माहीत असलेल्या माणसानं. आणि पिवळाजर्द गोळा लांबूनही दिसत असताना ज्याला हातात धरूनही दिसला नाही, अशा माणसानं.

कप्तानाला जड खड्याचं आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि त्याला मैलभरावरचा झेंडा दिसत होता. काचवाल्याला गोळ्याचं ठाऊक होतं, त्यानंच केला होता.

"काय झालं मावशी? पाणी देऊ?"

"नको," मावशी म्हणाली. हे उत्तर तिला नको होतं.

५

दुपारी बाराच्या उन्हात ती मास्तरांच्या घरी गेली, हातात दोन मासे घेऊन. एक सकाळचा, ताजा. एक कालचा, मुद्दाम बाजूला काढलेला.

मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर स्टूल, स्टुलावर ताटाएवढं भिंग. तिची चाहूल लागताच त्यांनी स्टुलावर पंचा टाकला.

"कोण?"

"मावशी."

"ये ये. आवाजावरून ओळखलं."

"आवाज नंतर दिला मास्तर, आधी समोर उभी होते." ती बाकावर बसली. "दोन मासे आणलेत. एक तुमचा, एक माझा. तुम्ही निवडा."

आता मास्तर तिच्याकडून तीस वर्षं मासे घेत होते, आणि तीस वर्षांत त्यांनी माशाला कधी बोट लावलं नव्हतं. लांबूनच त्याच्या डोळ्यात बघायचे. डोळा काचेसारखा असला की म्हणायचे, हा दे. तिच्या गिऱ्हाइकांत एवढं नखरेल दुसरं नव्हतं.

आज मास्तरांनी दोन्ही मासे हातात घेतले. अंगठ्यानं पाठ दाबली. वास घेतला. कालच्या माशाचा डोळा पांढराफट्ट झालेला होता, त्यांच्या नाकासमोर होता, पण त्यांनी तिकडे नजरही टाकली नाही.

"हा," ते म्हणाले. बरोबर ताजाच निवडला होता.

"बरोबर," मावशी म्हणाली. "दोनशे सात मात्र चुकलात."

मास्तरांनी दोन्ही मासे खाली ठेवले.

"तो म्हातारा नाही. नऊ वर्षांचा आहे. काचवाल्यानं चिकटा सांडलाय त्याच्यावर, बोराएवढा पिवळा गोळा आहे. म्हणून जड लागला."

"गोळा?" मास्तरांनी पंच्याखाली हात घातला, चाचपून एक पाकीट काढलं, भिंग डोळ्याशी नेलं, पाकीट भिंगाशी नेलं, उन्हाकडे तोंड केलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग मांडीवर ठेवलं. "मला वाटलं, किती छान भरलेला खडा आहे."

मावशीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. पण मास्तरच आधी हसले, मग तीही हसली.

"वर्ष झालं," मास्तर म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कडी दिसत नाहीत, सगळं दुधात घातल्यासारखं. पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता पाकिटं हातात आली. मग अख्खा खडा बोटानं मापायचा, लांब असला की जास्त वर्षं लिहायची. लहान माशांचं चालतं तसं. वाढत्या वयात लांबीवरून वय कळतं."

"आणि थोरांचं?"

"थोरांची लांबी एकच. सगळ्यांना पंधरा-सोळा लिहीत गेलो. लिफाफ्याला लाख लावली, आणि परवा सहज पाकिटं आवरताना एक हातात जड लागलं. मग दुसरं. मावशी, मी तिला स्वतः शिकवलंय, लांबी थांबते पण जाडी थांबत नाही. आणि मीच विसरलो. म्हणून ते तेवढे घरी आणले. म्हटलं उन्हात, मोठ्या भिंगानं, एकेक नीट मोजू आणि कागद बदलून घेऊ. दोन दिवस बसलोय. एकही मोजता आला नाही."

"परत नेऊन ठेवायचे मग."

"काल संध्याकाळी गेलो होतो. खोलीत कप्तान चहा पीत बसलेला. परत फिरलो."

"डॉक्टरकडे का नाही गेलात? मोतीबिंदू काय, अर्ध्या तासाचं काम."

मास्तरांनी आवाज खाली आणला. "डोळ्यात सुई घालतात म्हणे."

मावशीनं कपाळाला हात लावला. "तीनशे माशांच्या कानात सुरी घातली मी तुमच्यासाठी, आणि तुम्ही एका सुईला घाबरता? उठा. चारला ती तपासनीस येतेय. पाकिटं मी नेऊन गुपचूप ठेवू शकते, माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही. पण लिफाफे फुटले की तुमच्या आणि पोरीच्या आकड्यांत वीस-वीस वर्षांचा फरक निघणार. मग तपासनीस म्हणणार, दोघांपैकी एकाला मोजता येत नाही. आणि स्वतः काच बघायच्या आधीच तिला वाटेल पोरीलाच येत नाही, कारण मास्तर तुम्ही आहात."

मास्तर उठले. पंचा झटकला, खांद्यावर टाकला, आणि चुकून कालचा मासा उचलून आत ठेवायला निघाले.

"राहू द्या तो," मावशी म्हणाली. "चला."

६

चारला तपासनीस आली. उंच, कडक, घड्याळाकडे बघून बोलणारी बाई. पेटी टेबलावर होती, तीनशे बारा पाकिटं पुरी. खडेवाली, काचवाला आणि कप्तान भिंतीला लागून उभे. मास्तरांनी पाकिटं खडेवालीच्या हातात देताना सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "वर्षभर तुम्ही मला विचारायचात, अगं आज ढग आहेत का, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

आता मास्तर तपासनीसबाईसमोर उभे राहिले आणि पहिलं वाक्य तेच बोलले. "माझा लिफाफा फोडू नका. त्यात मोजलेलं काही नाही, अंदाज आहेत."

तपासनीसबाईनं सगळं ऐकून घेतलं. घड्याळ बघायची विसरली. "तुमची मोजणी रद्द," ती म्हणाली.

"रद्दच करा."

"आणि एकाच माणसाची मोजणी मी धरू शकत नाही. नियम आहे. दुसरं कुणी मोजणारं हवं, ज्याला या माशांचं वय सांगितलेलं नाही, आणि ज्याला मोजता येतं. नाहीतर माझ्या अहवालात हे तीनशे बारा मासे नसतील."

खडेवालीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. असं माणूस दोनशे मैलांत नव्हतं.

"ही मोजेल," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं मागं वळून बघितलं, मागं भिंत होती.

"मला अक्षर धड येत नाही," ती म्हणाली.

"कडी मोजायची आहेत, पत्र लिहायचं नाही," मास्तर म्हणाले. "दर पावसाळ्यात धक्का बंद असतो तेव्हा इथं येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचीस, विसरलीस? मी एकदा चौदा म्हणालो, तू म्हणालीस तेरा, पहिलं कडं फसवं आहे. तेराच होतं ते."

मावशी तपासनीसबाईकडे वळली. "बाई, एक सांगते. बारा म्हातारे आहेत हे मला पोरीनं सकाळी सांगितलंय. मी कोरी नाही."

तपासनीस पहिल्यांदा जराशी हसली. "बरं झालं सांगितलंत." तिनं बॅगेतून आपल्या पाच काचा काढल्या. टाकीत वाढवलेल्या माशांच्या, वय पक्कं ठाऊक असलेल्या. "आधी या. मग त्या तेरा काचा मी दुसऱ्या सतरांत मिसळीन, नंबर कागदानं झाकीन. तीसही मोजायच्या. कुठली कुणाची, तुम्हाला कळणार नाही."

पाच काचांत मावशीचं एकही चुकलं नाही.

मग तीस. काचवाला काचा बदलून देत होता. मावशी एक डोळा मिटून ओठ हलवत मोजायची, आकडा सांगायची, तपासनीस लिहून घ्यायची. सात. अकरा. तेहेतीस. चार. मध्येच म्हणाली, "ही काच जाड आहे," आणि काचवाल्यानं खडेवालीकडे बघायचं टाळलं. एका काचेवर फार वेळ गेला. दोनदा मान वर करून डोळे पुसले, परत पहिल्यापासून मोजलं. कप्तान न राहवून पुढं आला. "वहिनी, किती?"

"गप रे. तुझ्या आवाजानं एक कडं सुटलं." आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून.

"एकोणचाळीस," ती शेवटी म्हणाली.

७

खडेवालीचा लिफाफा फुटला. तपासनीस एकेक आकडा वाचत गेली, आधी भाचीचा, मग मावशीचा. सात, सात. अकरा, अकरा. तेहेतीस, तेहेतीस. एकतीस, बत्तीस. नऊ, नऊ, तो दोनशे सात. जुळत गेलं तसा मास्तरांचा पाय जमिनीवर ताल धरायला लागला.

"अडतीस," तपासनीस म्हणाली. "एकोणचाळीस." ती उठली आणि स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळे उभे. "एकोणचाळीस. भाचीचं शेवटाकडचं एक सुटलंय, फार जवळजवळ आहेत तिथं. एका वर्षाचा फरक चालतो." तिनं पेनाचं टोपण लावलं. "उरलेल्या दोनशे ब्याऐंशी तुम्ही महिन्याभरात मोजा. तोपर्यंत मागचा खडक बंदच राहील, मी आज तसं कळवते. आणि हे असंच निघत गेलं तर पुढंही."

खडेवाली मावशीच्या गळ्यात पडली. "मावशी, तू मला हरवलंस."

"एका वर्षानं. तेवढं काय लावून घ्यायचं?"

कप्तान काचेसमोर वाकून बघत होता. त्याला कडी दिसत होती, तो पुटपुटत मोजत होता, पुन्हा पुन्हा चुकत होता. "एकोणचाळीस," तो म्हणाला. "म्हणजे हा मासा माझ्या लग्नाच्या आधीचा. आणि आम्ही त्याला ताटात घालणार होतो." जरा वेळानं म्हणाला, "पुढचा खडक, जिथं आज जाळी टाकतो, तो तर राहतो ना आमच्याकडे?"

"राहतो," खडेवाली म्हणाली.

"मग बोटवाल्यांना मी सांगतो. तुम्ही सांगितलंत तर मारामारी होईल."

महिना सगळा मावशीनं सकाळी मासे कापले आणि दुपारी कडी मोजली. मध्ये दोनदा सुट्टी घेतली, मास्तरांना एकेका डोळ्यासाठी दवाखान्यात न्यायला. पहिल्या वेळी मास्तर दारातून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा तिनं त्यांचा हात धरला तो आत जाऊनच सोडला. सुई दिसलीच नाही म्हणे, दोन्ही वेळा.

तीनशे बारावी काच झाली त्या दुपारी मास्तर खोलीत आले. डोळ्याला काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा शर्ट. कुणाला काही न विचारता त्यांनी पेटीतून ती एकोणचाळीसवाली काच शोधून काढली. नंबर स्वतः वाचून. चष्मा काढला, वाकले.

काचवाल्यानं घासणं थांबवलं. मास्तर ओठ हलवत मोजत होते. मावशी हात पुसत मागं उभी राहिली. तिला उगाचच धडधडत होतं, परीक्षा दिल्यासारखं.

"एकोणचाळीस," मास्तर म्हणाले, पण मान वर केली नाही. "आणि कडेला एक अर्धं आहे. हे तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," मावशी म्हणाली. "अर्ध्याला कुठल्या आकड्यात घालू?"

"कुठल्याच नाही. अगदी बरोबर." मास्तर अजून वाकूनच होते. "जरा थांब हं. मी परत एकदा मोजतो. नुसतंच."